व्यंकोजीअण्णांचा आवाज

व्यंकोजीअण्णांनी मला सांगितलेलं पहिलं गुपित आमच्या अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. लग्न होऊन मी बेळगावहून बेंगळुरूला आले होते. आमचे हे होसकोट्याला एका कारखान्यात होते आणि मी जयनगरातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले होते. बिऱ्हाड अण्णांच्या घरी, वरच्या मजल्यावर. सामान चढवून होतंय तोवर अण्णा जिन्याशी आले, डावीउजवीकडे पाहिलं, तोंडाला आडवा हात लावला आणि म्हणाले, "डॉक्टरम्मा, हळूच सांगतो हं. समोरच्यांना साखर उसनी देऊ नका. परत येत नाही!"

समोरची खिडकी धाडकन बंद झाली.

'हळूच सांगतो' हे अण्णांचं पालुपद. ते ऐकलं की पोरं गोट्या खेळायची थांबत, बायका हातातल्या लाटण्यासकट दारात येत. मला दिवस गेल्याची बातमी माझ्या सासूच्या आधी भाजीवालीला कळली, ती अशीच. "हळूच विचारतो, डॉक्टरम्मा, सकाळी उलटी झाली म्हणे?" मी जिना उतरत होते आणि ते अंगणात झाडांना पाणी घालत होते. संध्याकाळपर्यंत चार घरांतून कैरीचं लोणचं आलं.

अण्णांचं घराणं मराठ्यांचं, पण बेंगळुरूत येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही नीट सांगता येत नसे. घरात मराठी, बाजारात कानडी आणि बोलताना दोन्हीची मिसळ. कुठलंही काम झालं की कानडीतल्या 'ठीक'ला मराठी जोडून "सरी, झालं!" म्हणून टाळी. बाजारात त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. जन्म भांड्यांच्या खणखणाटात गेला, आवाज चढायचाच, असं लोक म्हणत. मलाही ते पटलं होतं. सकाळी ते बायकोला पेपर वाचून दाखवत, तो इतका खणखणीत की शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांनी स्वतःचा पेपर बंद करून टाकला होता. "फक्त अग्रलेख तेवढा ते गाळतात," अशी त्यांची तक्रार होती.

अण्णांची बायको म्हणजे सुभद्राअक्का. लहानखुऱ्या, गोऱ्या, कायम हसऱ्या आणि अगदी कमी बोलणाऱ्या. कुणाकडे फारशा जात नसत. गल्लीतल्या बायका त्यांना जरा शिष्ट समजत. मला त्या विसराळू वाटत. मी विचारावं, "अक्का, दूध आलं का हो?" आणि त्यांनी मान डोलावून, हसून माझ्या हातात वाटीभर शेंगदाण्याची चटणी ठेवावी. चटणी इतकी सुरेख असे की दुधाचं मीही विसरून जाई.

त्या वर्षी दिवाळीच्या गर्दीत अण्णांचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग फाटला, आणि एका सकाळी पेपर उघडून त्यांनी तोंड उघडलं तर नुसती हवाच बाहेर आली. हेडमास्तर चिंताग्रस्त चेहऱ्यानं कुंपणाशी आले. "आज काय झालं?" त्यांनी विचारलं. ते अण्णांबद्दल विचारत होते की देशाबद्दल, ते कळायला मार्ग नव्हता.

मीच अण्णांना आमच्या दवाखान्यातल्या घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं. गाठबिठ काही नव्हती, पण स्वरतंतू सुजून लाल झाले होते. "ओरडणं पूर्ण बंद," ते म्हणाले. "नाहीतर हा आवाज पुन्हा येणार नाही. आणि मानेचे स्नायू असे आवळलेले राहिले तर औषधाचाही उपयोग नाही. ते काम यांचं." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी अण्णांना टेबलावर निजवून मान चाचपली. दोन्ही बाजूंचे स्नायू सुंभासारखे ताठ, जबडा आवळलेला, खांदे कानांना भेटायला निघालेले. गरम शेक दिला आणि हनुवटीखालचा भाग बोटांनी हळूहळू मोकळा करायला घेतला.

"दुखत नाही!" अण्णा फाटक्या आवाजात ओरडले.

"अण्णा, बोलायचं नाही."

"बोललो कुठे? सांगितलं फक्त!"

घरी करायला मी त्यांना तीन गोष्टी शिकवल्या. खांदे गोल फिरवायचे, ओठ मिटून मऊ गुणगुणायचं आणि मोठ्ठी जांभई देऊन जबडा सैल सोडायचा. अण्णा भलतेच आज्ञाधारक निघाले. गल्ल्यावर बसूनही ते जांभया देऊ लागले. आता जांभई ही एकाची दुसऱ्याला लागणारी चीज. लग्नाची भांडी घ्यायला आलेलं एक अख्खं वऱ्हाड स्टुलांवर बसून जांभया द्यायला लागलं आणि घासाघीस न करताच खरेदी उरकून गेलं. "डॉक्टरम्मा, व्यायाम फारच चांगला आहे," असं त्यांनी मला खुणेनं कळवलं.

बोलायला बंदी म्हणून त्यांनी ताट आणि पळी जवळ केली. एक ठोका म्हणजे कॉफी, दोन म्हणजे नळाला पाणी आलं, आणि धडाधड वाजवलं म्हणजे गाय शिरली कुंपणात. या नव्या आवाजापेक्षा जुना बरा होता यावर आठवड्याभरात गल्लीचं एकमत झालं.

पण मला एक कोडं सुटेना. संध्याकाळी दवाखान्यातून जाताना अण्णांची मान लोण्यासारखी मऊ झालेली असे. दुसऱ्या दिवशी यावेत तर पुन्हा सुंभ, आणि घसा आदल्या दिवशीपेक्षा वाईट.

"अण्णा, तुम्ही घरी ओरडताय."

त्यांनी कानाला हात लावून शपथ घेतली.

एका दुपारी मी लवकर घरी आले. जिन्याशी पोचते तोच आतून तो फाटका, खरवडलेला आवाज आला. मी तावातावानं स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. अण्णा ओट्याला टेकून, मानेच्या शिरा ताणून अक्कांना काहीतरी सांगत होते. दुकानातली गंमत होती. कुणी गिऱ्हाईक नारळाची खवणी उलटी धरून तिला पाट समजून बसायला निघालं होतं. अक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांना हसताना बघून अण्णांचा चेहरा असा उजळला होता की मी रागवायलाच विसरले. त्यांनी मला पाहिलं आणि चोरी पकडली गेल्यासारखे गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ते टेबलावर निजले नाहीत. खुर्चीवर बसले आणि कुजबुजायला लागले.

"कुजबुजू नका, अण्णा, त्यानंही घशावर ताण येतो. खांदे सोडा आणि सावकाश, साधं बोला."

त्यांनी खांदे सोडले. मग जो आवाज आला तो मी कधीच ऐकला नव्हता. घोगरा होता, पण खाली कुठेतरी बारीक आणि मऊ.

"हा माझा मूळचा आवाज," ते म्हणाले. "शाळेत हजेरीला 'हजर' म्हणायचो ते मास्तरांना ऐकू जायचं नाही. रोज गैरहजेरी पडायची."

"मग हे ओरडणं?"

त्यांनी उठून खोलीचं दार लोटून घेतलं.

"सुभद्रेला ऐकू येत नाही, डॉक्टरम्मा. मुलगी झाली आणि गेली, त्या वेळच्या तापात कान गेले. स्वल्प येतं, जोरात बोललं तर. एकदा एका लग्नात तिनं कुणाला भलतंच उत्तर दिलं. माझ्या वहिनीनं तिची नक्कल केली आणि सगळा मांडव हसला. सुभद्राही हसली. तिला वाटलं, दुसरंच काहीतरी चाललंय. घरी आल्यावर मी ठरवलं. मी एकट्या तिच्याशी ओरडून बोललो तर लोक म्हणणार, बायको बहिरी. सगळ्यांशीच ओरडून बोललो तर म्हणणार, हा व्यंकोजीच खुळा. म्हणू देत. सरी, झालं."

या वेळी त्यांनी टाळी वाजवली नाही.

"अण्णा, कानाचं मशीन मिळतं. बसवू की."

"ते मशीन आणायचं म्हणजे तिला सांगायला हवं ना, तुला ऐकू येत नाही म्हणून? तो शब्द आमच्या घरात मी कधी काढला नाही. डॉक्टरम्मा, आवाज गेला तर जाऊ दे. ताट आहे, पळी आहे."

त्यांना आवाजापेक्षा तो शब्द जड होता. मग मीच गेले. अक्का शेंगा सोलत होत्या. मी समोर बसले आणि त्यांना माझे ओठ दिसतील असं, एकेक शब्द मोठ्यानं सांगितला. अण्णांचा आवाज कायमचा जाईल, हेही सांगितलं. अक्कांचे हात थांबले.

"शैला, मला माझे कान ठाऊक नाहीत होय गं?" त्या म्हणाल्या. "ते का ओरडतात तेही ठाऊक आहे. मशीनचं माझ्या भावानं कधीच सुचवलं होतं. पण मला वाटायचं, मशीन लावलं की यांना वाटेल, एवढी वर्षं आपण ओरडलो ते फुकट गेलं." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "आवाज जाईल हे मला कुणी सांगितलं नाही. ऊठ, कुठे जायचं ते दाखव."

कानामागे बसणारं मशीन आलं. अक्कांनी ते केसांत असं दडवलं की सांगितल्याशिवाय दिसू नये. पहिले काही दिवस त्यांना सगळ्याचंच नवल. फोडणी एवढा आवाज करते? चपलेला आवाज असतो? रिक्षांना तर त्या वैतागल्याच. आणि एका सकाळी त्यांनी पेपर वाचणाऱ्या अण्णांना सुनावलं, "किती ओरडता हो! शेजारी काय म्हणतील?" हेडमास्तरांना त्या महिन्यापासून पुन्हा पेपर घ्यावा लागला.

अण्णांची मान महिन्याभरात मोकळी झाली. आवाजाला थोडी खरखर राहिली ती राहिलीच. मी व्यायाम थांबवला तरी जांभया मात्र त्यांनी दुकानासाठी चालू ठेवल्या.

त्यानंतर एका संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले होते. खाली अंगणात दोघं पायरीवर बसले होते. अण्णा बोलत होते. बराच वेळ बोलत होते. मधेच थांबत, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत, पुन्हा बोलू लागत. अक्का गुडघ्यावर हनुवटी टेकवून ऐकत होत्या. मी कठड्यापाशी होते, फारशी लांब नव्हते, तरी मला एक शब्द ऐकू आला नाही.

सकाळी चटणीची वाटी परत करायला गेले तेव्हा मला राहवलं नाही. "अक्का, काल अण्णा एवढं काय सांगत होते हो?"

अक्का लाजल्या. साठीच्या घरातली बाई कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली.

"जा गं," त्या म्हणाल्या. "ते काय ओरडून सांगता येतं होय?"