साहेबांच्या गावचं पाणी

तपासनीस साहेब विश्रामगृहाच्या न्हाणीघरातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. ते पाहून दाराशी टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या पर्यवेक्षकांच्या हातून तो खालीच पडला. साहेब आले होते ते गावचं पाणी तपासायला. त्यांनी नापास शेरा मारला की जलशुद्धीकरण केंद्राला टाळं आणि तेवीस वर्षं ते सांभाळणाऱ्या पर्यवेक्षकांची दूर कुठेतरी बदली, हे ठरलेलं होतं. आणि तेच पाणी आता साहेब थेट अंगावर घेऊन बसले होते.

"खाज सुटलीय हो," साहेब म्हणाले. "दौऱ्यावर पाणी बदललं की माझी कातडी बिघडतेच. घरी असलो की साधी पुटकुळीसुद्धा येत नाही."

"नमुने... उद्याच घेणार ना साहेब?"

"उद्या सकाळी दहाला," असं म्हणून साहेबांनी पुन्हा मान खाजवली.

पर्यवेक्षक घरी पोचले ते घामाघूम होऊन. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला, तर तो त्यांनी उजेडात धरून तीनदा पाहिला.

"अहो, प्या आता. आपल्याच नळाचं आहे."

"तेच तर! त्यांची मान बघायला हवी होतीस तू. हा माणूस कसला पास करतोय पाणी? बांधाबांध सुरू कर."

"आपलं पाणी जरा जड आहे, एवढंच. नव्या माणसाची कातडी कोरडी पडतेच. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी नव्हती पडली? थोडं तेल लावायला द्या त्यांना."

तेलाने बरं होणारं हे प्रकरण होतं. पण पर्यवेक्षकांच्या अंगात भीती शिरली होती आणि आता डोकंही तीच चालवत होती. साहेबांना घरी काही होत नाही, म्हणजे घरचं पाणी मानवतं. मग घरचंच पाणी आणलं तर? त्यांनी तडक केंद्राच्या फिटरला बोलावलं.

"साहेबांचं गाव दोन तासांवर आहे. जीप घे, बारा कॅन भरून आण."

"कुठून भरू?"

"कुठूनही भर, पण त्याच गावचं पाहिजे. आणि कुणाला कळता कामा नये."

संध्याकाळी साहेब फिरायला गेलेले पाहून दोघांनी गच्चीवरची टाकी रिकामी केली आणि आणलेल्यातले नऊ कॅन तिच्यात ओतले, तीन अडीअडचणीला राखून ठेवले. गावचं पाणी चुकून मिसळू नये म्हणून खालचा व्हॉल्व्हही बंद केला. आता विश्रामगृहातल्या एकूण एक नळाला साहेबांच्याच गावचं पाणी होतं.

सकाळी साहेब गुणगुणत बाहेर आले. चट्टे फिके पडले होते.

"कमाल आहे! काल रात्रीपासून अगदी घरी आंघोळ केल्यासारखं वाटतंय."

पर्यवेक्षकांचा जीव भांड्यात पडला. "चला तर साहेब, केंद्रावर जाऊन नमुने घेऊ."

"केंद्रावर कशाला?" साहेबांनी बॅगेतून बाटली काढली. "नियम विसरलात? नमुना गावातल्या शेवटच्या नळाचा. आणि तुमची पाइपलाइन संपते ती इथेच, विश्रामगृहात."

हा नियम तेवीस वर्षं पर्यवेक्षक स्वतः प्रत्येक नव्या माणसाकडून घोकून घेत आले होते. नेमका कालच त्यांना तो आठवला नव्हता.

"साहेब, हा नळ गळका आहे. दुसरीकडचं घ्या ना."

"गळका असला तरी पाणी तेच."

साहेबांनी बाटली भरली आणि तिच्यात औषधाचे थेंब सोडले. पाणी आधी गुलाबी झालं, मग लालभडक.

"लोह मर्यादेच्या तिप्पट! अहो, हे लोकांना पाजता तुम्ही?" साहेबांनी वही चाळली आणि थबकले. "गेल्याच महिन्यात मी आमच्या गावच्या केंद्राला नापास केलं. दशांशापर्यंत हाच आकडा आहे."

पर्यवेक्षकांना डोळ्यांसमोर सामानाचा ट्रक दिसायला लागला. बायको पुढे बसली होती आणि एक अक्षरही बोलत नव्हती, हे सगळ्यात भयंकर होतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. त्यांच्या पत्नीचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"अहो, काल तुमच्याकडचा माणूस पाणी भरून घेऊन गेला. त्याचे कॅन गळके निघाले म्हणून आपले दोन निळे दिलेत. ते आठवणीने परत आणा."

साहेबांनी फोन ठेवला आणि दाराआड उभ्या असलेल्या फिटरकडे पाहिलं.

"त्या गावातला दुसरा पत्ताच मला माहीत नव्हता," फिटर पुटपुटला. "तुमच्या बॅगेवरचा तेवढा वाचला होता."

"साहेब, मी घाबरलो हो!" पर्यवेक्षकांनी हातच जोडले. "आमचं पाणी चांगलं आहे. नापासच करायचं तर माझ्या अकलेला करा."

साहेबांनी लाल पाण्याची बाटली बाजूला ठेवली. त्यांनी व्हॉल्व्ह उघडायला लावला, अंगणातला थेट पाइपलाइनवरचा नळ दहा मिनिटं वाहू दिला आणि दुसरी बाटली भरली. थेंब पडताना पर्यवेक्षकांनी डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तेव्हा पाण्याचा रंग बदललेला नव्हता, आणि साहेब वहीत 'पास' लिहून खाली सही करत होते. पर्यवेक्षकांना रडूच आलं.

साहेब दारापर्यंत गेले आणि परत फिरले. आजूबाजूच्या गावांचं पाणी तपासायला त्यांना अजून दोन दिवस इथेच राहायचं होतं. कॉलरमध्ये बोट घालून त्यांनी हळूच मान खाजवली.

"ते नापास पाणी... किती उरलंय?"

"तीन कॅन आहेत साहेब."

"बादलीत काढून ठेवा," साहेब आवाज खाली आणत म्हणाले. "आणि कुणाला कळता कामा नये."