राजाचे दोन वाढदिवस

एका राजाने किती बेटांवर राज्य करावं याला मर्यादा नाही. त्यांतल्या एकावरही राहू नये, एवढं पथ्य मात्र पाळावं लागतं. मोतुकुरा आणि मोतुतेआ ही दोन स्वयंशासित राष्ट्रं. एकीकडचा कोंबडा दुसरीकडे ऐकू येतो. राजा दोघांचा एकच. (घटनेप्रमाणे राजे दोन, माणूस एक. घटनेपुढे बोलायची सोय नाही.)

न्गावाईने ही मोतुकुराची कोळीण. वादळात तिची होडी दावं तोडून मोतुतेआला लागली आणि किनाऱ्याला लागेल ते राजाचं, या नियमाने तिथल्या जकात कचेरीने ती जप्त केली. माशांचा हंगाम तोंडावर आला होता. होडी नाही तर वर्षभर खायचं काय, म्हणून बाईने आपल्या मंत्र्यांकडे अर्ज केला.

कारभार मात्र चोख झाला. मोतुकुराच्या मंत्र्यांनी राजाला सल्ला दिला, होडी मागावी. राजाने मागितली. मोतुतेआच्या मंत्र्यांनी सल्ला दिला, देऊ नये. राजाने स्वतःला नम्र नकार कळवला आणि त्याबद्दल स्वतःकडेच तीव्र नाराजी नोंदवली. इतका निःपक्षपाती राजा शोधून सापडायचा नाही, असं दोन्हीकडे ठरलं.

शेवटी न्गावाईने शेजाऱ्याच्या डोंगीतून मोतुतेआ गाठलं. होडीवर पहारा तिच्याच भाच्याचा, तेरेचा.

"आत्या, होडी तुझी हे शेंबडं पोरही सांगेल. पण मी पडलो राजाचा माणूस."

"मग मी कुणाची रे मेल्या?"

"तू त्या राजाची. मी ह्या."

तिने कपाळावर हात मारला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्याकडे राजाचा वाढदिवस कधी? सोमवारी, तेरे म्हणाला. कचेरीला कुलूप, भुईत भाजलेलं डुक्कर, तूही ये. (मोतुकुराला तो महिन्याभराने येतो. राजा खरा जन्मला कधी, याची चौकशी दोन्हीकडे असभ्य मानतात.)

सोमवारी ती आली, भाच्याच्या पंगतीला पोटभर जेवली, राजाला उदंड आयुष्य चिंतलं आणि आपली होडी वल्हवत घरी गेली. सुट्टीच्या दिवशी घडलेलं काहीच नोंदवता येत नसल्यामुळे मोतुतेआच्या दफ्तरी होडी आजही जप्त आहे. मोतुकुराला तो कामाचा दिवस होता, म्हणून तिथल्या दफ्तरी ती राजकृपेने परत मिळाली. राजाने दोन्हीकडच्या मंत्र्यांचं अभिनंदन केलं.

एका माणसाचे दोन वाढदिवस, म्हणून हसताय? हसा बापडे. फक्त शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी तुमची जन्मतारीख एक जून टाकली, ती तुमच्या आईला विचारून का, तेवढं सांगा.