भीषणची वेलांटी

एका जंगलात एक विमान होतं.

मुलांनो, सिंह कुठे आहे म्हणून चुळबूळ करू नका. सिंह येईल. जंगल म्हटलं की त्याला टाळता येत नाही. पण आधी विमान.

ते साधंसुधं विमान नव्हतं, बॉम्बफेकी विमान होतं. पोटाला दोन झडपा, नाकात तोफ, शेपटीत पहारेकऱ्याला बसायला जागा. जंगलात ते आलं कुठून, हे मला विचारू नका. सिंहाला राज्य कुठून मिळालं, हे तरी कोण विचारतं? फार वर्षांपूर्वी शेजारच्या जंगलाशी लढाई झाली, तेव्हा या विमानाने शत्रूवर सात फणस टाकले. सहा पिकलेले निघाले. शत्रूने गरे काढून ते खाल्ले. सातवा कच्चा होता. तो शत्रूच्या सेनापतीच्या पाठीत बसला आणि लढाई संपली. त्या दिवसाला आपल्या जंगलात विजयदिन म्हणतात. शेजारच्या जंगलात त्याच दिवसाला फणसाचा सण म्हणतात.

विमानाच्या नाकावर पांढऱ्या, ठसठशीत अक्षरांत त्याचं नाव लिहिलेलं होतं. ‘भिषण’.

तुमच्यातल्या हुशार मुलांनी आत्ताच नाक मुरडलं, ते दिसलं मला. गप्प बसा. तुमच्यासारखंच एक पात्र पुढे येणार आहे.

तर त्या जंगलात टोकेकर नावाचा एक साळिंदर राहत होता. त्याला एकच नाद होता. या विमानाची हुबेहूब प्रतिकृती करायची, बहात्तर पट लहान. आठ वर्षं तो तेच करत होता. सांगाडा पांगाऱ्याच्या लाकडाचा, कारण ते हलकं. काचा चतुराच्या पंखांच्या. चाकं रिठ्याच्या बियांची. इंजिनाखाली तेलाचे ओघळ होते, ते त्याने बिब्ब्याने काढले. विमानाचा पत्रा रिव्हेट मारून जोडलेला होता, म्हणून प्रत्येक रिव्हेटच्या जागी त्याने डिंकाने खसखशीचा एकेक दाणा चिकटवला. हत्यारं विकत आणायची गरजच नव्हती. पाठीवरचा एक काटा उपसायचा, काम झालं की दुसरा.

खऱ्या विमानाच्या उजव्या पंखावर चौदाशे सतरा रिव्हेट होते. टोकेकरने आपल्या पंखावरचे मोजले, तर चौदाशे अठरा भरले. आता यातला जास्तीचा कोणता? ते काही केल्या कळेना. म्हणून त्याने सगळेच काढले आणि पहिल्यापासून चिकटवायला घेतले.

त्याची बायको साळूबाई दारातून बघत होती. ती म्हणाली, “अहो, एक दाणा जास्त झाला तर काय बिघडतं?”

“मग ते दुसरंच विमान होतं,” टोकेकर म्हणाला.

“कोणाला दिसणार आहे?”

“मला.”

साळूबाईने उरलेली खसखस उचलून आत नेली. तिला खीर करायची होती.

यंदा विजयदिनाला पंचवीस वर्षं होणार होती. दरबाराचे कार्यवाह कोल्हे टोकेकरकडे आले. ते म्हणाले, “टोकेकर, महाराजांची इच्छा आहे की तुमची प्रतिकृती दरबारात, सिंहासनाशेजारी ठेवावी.”

टोकेकरचे काटे आनंदाने उभे राहिले. कोल्हे दोन पावलं मागे सरकले.

“फक्त एक करा,” कोल्हे म्हणाले. “दरबारात जाणाऱ्या वस्तूवर ‘निर्दोष’ असा शिक्का लागतो. तो टिटवीबाई देतात. शिक्का मिळाला तर दरबार. नाही मिळाला तर तुमचं विमान तुमच्या बिळात.”

टोकेकरला आयुष्यात दोनच गोष्टी हव्या होत्या. आपलं विमान दरबारात असावं आणि त्यात एकही गोष्ट खोटी नसावी. दोन्ही एकदम मागू नयेत, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

टिटवीबाईंनी तीस वर्षं जंगलाच्या शाळेत शुद्धलेखन शिकवलं होतं. विमानातलं त्यांना काही कळत नव्हतं. त्यांनी आधी शेपटीला नाक समजून नीट न्याहाळलं. चौदाशे सतरा दाण्यांवरून त्यांची नजर पाणी घसरावं तशी घसरली. झडपा उघडून आतले वाटाण्याएवढे सात फणस टोकेकरने दाखवले, तेव्हा त्या नुसतं “हं” म्हणाल्या. मग त्या खऱ्या नाकाशी आल्या आणि किंचाळल्या. टिटवीला हळू बोलता येत नाही.

“टोकेकर! पहिली?”

“पहिली काय, बाई?”

“वेलांटी! ‘भीषण’मधला ‘भी’ दीर्घ. दुसरी वेलांटी हवी!”

“पण बाई, खऱ्या विमानावर पहिलीच आहे. मी मापं घेतली आहेत. उंची दोन काटे, जाडी पाव काटा.”

“चूक मोजून केली म्हणजे ती बरोबर होते का?”

“प्रतिकृतीत होते, बाई. इथे ती बरोबर केली तर चूक होईल.”

टिटवीबाईंनी हे वाक्य मनात तीनदा तपासलं. त्यात व्याकरणाचा दोष सापडेना. त्यामुळे त्या आणखीच चिडल्या.

सगळे तळ्याकाठी खऱ्या विमानापाशी गेले. वेलांटी पहिलीच होती. पंचवीस वर्षं ती तिथे होती आणि बाई रोज तिच्याखालून पाणी प्यायला जात होत्या. पण विमानाकडे मान वर करून सगळे बघतात, वाचत कोणी नाही. ज्या वानराने ते नाव रंगवलं होतं, त्या म्हाताऱ्या शेपट्याला झाडावरून खाली बोलावलं.

“मी काय करनार?” शेपट्या म्हणाला. “‘भ’ काढला. वेलांटी द्याया उजव्या अंगाला गेलो, तर तोफंचं तोंड आडवं आलं. डाव्या अंगाला जागा व्हती, मग तिकडं दिली. ‘षण’ तोफंच्या खालनं काढलं. बिनवेलांटीचा ठिवला न्हाई, ह्ये काय कमी हाय?”

मुलांनो, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते आणि दुसरी उजवीकडे. हे आता तुमच्या जन्मभर लक्षात राहील.

इतक्यात गलका ऐकून सिंह आला. घ्या, आला एकदाचा.

महाराजांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी हळूच विचारलं, “हे शत्रूने वाचलं असेल का?”

“पंचवीस वर्षं वाचतोय, महाराज,” टिटवीबाई म्हणाल्या. “पहिल्या वेलांटीला कोण घाबरतं?”

महाराजांचा चेहरा पडला. शत्रूने सहा फणस मजेत बसून का खाल्ले, हे त्यांना आत्ता समजलं. ते म्हणाले, “टोकेकर, तुमच्या विमानावर दुसरी वेलांटी द्या.”

टोकेकर घाबरला होता, पण सरळ उभा राहिला. “महाराज, क्षमा असावी. प्रतिकृती खऱ्यासारखीच हवी. खऱ्यावर जे नाही ते मी देणार नाही.”

महाराजांनी आयाळ खाजवली.

“मग खरं दुरुस्त करा,” ते म्हणाले.

सुतार पक्ष्यांची टोळी कामाला लागली. वेलांटीला जागा हवी, म्हणून तोफ पुढे सरकवली. तोफेमागे तोफ चालवणाऱ्याचं आसन पुढे गेलं. आसनाखाली फळी हवी, म्हणून फळी लांबवली. फळी उघडी दिसायला लागली, म्हणून नाक वाढवलं. वाढलेलं नाक डगडगायला लागलं, म्हणून आतून सागाचा जाड ठोकळा बसवला. एका वेलांटीपायी विमानाचं नाक अडीच हात लांब झालं. काम करताना ते पुढे झुकत होतं, म्हणून शेपटी वेलीने वडाला आवळून बांधली. शेवटी शेपट्याने दुसरी वेलांटी काढली. टिटवीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्या टोकेकरकडे वळल्या. “काय हो? हुबेहूब म्हणत होतात ना?”

टोकेकर आपल्याच शब्दांत अडकला. घरी येऊन त्याने आठ वर्षांच्या विमानाचं नाक काट्याने कापलं. कापताना तो रडला. साळूबाईने खीर पुढे केली, तीही त्याने खाल्ली नाही. मग त्याने अडीच हातांना बहात्तरने भागलं, तेवढा तुकडा जोडला, आत सागाची ढलपी बसवली आणि शेवटी मिशीच्या एका केसाने दुसरी वेलांटी काढली. विमान पाटावर ठेवलं.

विमान हळूहळू पुढे कललं आणि नाकावर पडलं.

त्याने ते सरळ केलं. पुन्हा पडलं. चाकं तपासली. चाकं चांगली होती. टोकेकर क्षणभर बघत राहिला आणि मग तडक कोल्ह्यांकडे धावला. टिटवीबाई तिथेच होत्या.

“कोल्हेसाहेब, विमान नाकावर पडणार!”

“कोणतं?”

“दोन्ही! माझं पडलंच आहे.”

“तुमचं पडलं म्हणजे तुमच्या कामात खोट,” कोल्हे म्हणाले. “खरं तर छान उभं आहे.”

“त्याची शेपटी बांधलेली आहे, साहेब! विजयदिनाला सोडाल तेव्हा बघा. नाक जड झालंय.”

“मजकुरात काही दोष आहे का?” टिटवीबाईंनी विचारलं.

“नाही, पण वजन—”

“वजन हा माझा विषय नाही.”

कोल्ह्यांनी टोकेकरला समजावलं, की छोट्या विमानावरून मोठ्या विमानाबद्दल बोलणं म्हणजे लहान तोंडी मोठा घास. स्वतःच्याच कोटीवर ते बराच वेळ हसले.

विजयदिन उजाडला. तळ्याकाठी सगळं जंगल जमलं. शेजारचा सेनापती पाहुणा म्हणून आला होता आणि खबरदारी म्हणून पाठ वडाला टेकून बसला होता. विमान चालवायला घारेबाई बसल्या. त्या घार होत्या, त्यांना विमानाशिवायही उडता यायचं. पण विमानात बसलं की टोपी घालायला मिळते. टिटवीबाईंनी विमानाचं नाव दीर्घ उच्चारात तीनदा मोठ्याने वाचलं. टाळ्या झाल्या.

टोकेकर गर्दीतून पुढे घुसला. गर्दी त्याला लगेच वाट देत होती, काटे कोणाला हवेत? “शेपटी सोडू नका!” तो ओरडला. तोवर वेल कापून झाली होती.

विमान घरघरत तळ्याच्या बाजूला निघालं. चार-पाच हात गेलं असेल नसेल, त्याने नाक खाली घातलं. महाराजांना वाटलं ते नमस्कार करतंय, म्हणून त्यांनीही मान लववली. मान वर करून बघतात, तर विमान उतारावरून घसरत तळ्याच्या चिखलात पंखांपर्यंत घुसलेलं आणि शेपटी आभाळात. घारेबाई टोपी सांभाळत केव्हाच वर उडाल्या होत्या. दरबारी मंडळींत खसखस पिकली. शेजारच्या सेनापतीने एवढंच विचारलं, “यंदा फणस नाहीत का?”

टोकेकर हसला नाही. त्याला फार वाईट वाटलं. आपलं म्हणणं खरं ठरलं याचं तर जास्तच वाईट वाटलं.

कोल्ह्यांनी त्याला बाजूला घेतलं. “टोकेकर, जे झालं ते झालं. विमान हत्तींनाही निघणार नाही. आता जंगलाची सगळी शान तुमच्या प्रतिकृतीवर. दुपारी दरबारात हवी. आणि हुबेहूब हवी बरं का. खरं जसं आहे तशी.”

“जसं आहे तशी?” टोकेकरने चिखलातल्या शेपटीकडे बघत विचारलं.

“अर्थात. तुमचाच आग्रह होता ना?”

टोकेकरने एक मातीची परात घेतली. तळ्यातला चिखल आणून ती भरली. आठ वर्षांचं विमान उचललं, डोळे मिटले आणि नाकाकडून ते चिखलात दाबलं. चतुराच्या पंखांच्या काचा गेल्या. तोफ गेली. सात फणस गेले. दोन्ही पंखांवरची सगळी खसखस गेली. शेपटीचा कल त्याने काट्याने मोजून बरोबर केला. खऱ्या विमानाच्या शेपटीवर एव्हाना एक बेडूक येऊन बसला होता. टोकेकरने मोहरीचा बेडूक करून चिकटवला. मग त्याला शंका आली, तो तळ्यावर जाऊन बघून आला. खरा बेडूक पश्चिमेकडे तोंड करून होता. त्याने आपला बेडूक काढून फिरवून बसवला.

टिटवीबाई शिक्का घेऊन आल्या. त्यांनी परातीभोवती तीन फेऱ्या मारल्या. नाक शोधलं. नाक नव्हतं. अक्षरं शोधली. अक्षरं नव्हती. बाईंचा चेहरा उजळला आणि त्यांनी परातीच्या काठावर ठसठशीत शिक्का मारला. निर्दोष.

“बघितलंत?” त्या म्हणाल्या. “आता एकही चूक नाही.”

“आता एकही अक्षर नाही, बाई,” टोकेकर म्हणाला.

“तेच म्हणतेय मी,” टिटवीबाई म्हणाल्या.

तात्पर्य : विमान उडालं नाही तरी चालतं, वेलांटी चुकता कामा नये. आणि वेलांटी पहिली की दुसरी याची खात्री नसेल, तर मुलांनो, विमान बेलाशक नाकावर पाडावं.