कारेगाव ते जोरहाट, हवाई मार्गे

आमच्या शेजारचे आप्पा माणूस भेटला की आधी त्याचं वजन विचारतात. नाव, गाव, पाहुणे कुठले, हे सगळं नंतर. "किती भरता?" असा सरळ सवाल. आपण आकडा सांगितला की आप्पा आपल्याला एकदा वरपासून खालपर्यंत बघतात आणि मनातल्या मनात त्यात भर घालतात. "बायामाणसं तीन किलो कमी सांगत्यात, पुढारी पाच," असा त्यांचा अनुभव आहे.

मी कारेगावात शाळेवर भूगोल शिकवायला आले आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली, त्याला दहा वर्षं होऊन गेली. पण वजनाचं हे वेड अलीकडचं. त्याला कारण विमान. चार जणांचं, पंखा पुढं असलेलं छोटं विमान. त्यात इंधन जास्त भरलं तर माणसं कमी बसवावी लागतात आणि माणसं जास्त घेतली तर इंधन कमी घ्यावं लागतं. आप्पांना त्या विमानातून आसामात जायचं होतं.

आप्पांची नोकरी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात झाली. मोजायची हत्यारं बरोबर मोजतात की नाही, हे तपासायचं काम. निवृत्त झाले तरी मोजणं सुटलं नाही. घराचा उंबरा, दुधाचं माप, बसस्टॉपपर्यंतची पावलं, सगळ्याचे आकडे तोंडपाठ. कमलकाकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगतात, "एकदा भाकरीला पट्टी लावली ह्यांनी. म्हनले, ह्या बाजूला दोन सूत जाड हाय. त्या दिशी म्या जेवायलाच वाढलं न्हाई."

तर विमानाची सुरुवात केडगावला एका वास्तुशांतीच्या पंगतीत झाली; मीही होते त्या पंगतीत. आप्पांच्या मामेभावाचा मुलगा सुधाकर मोठ्या विमानांवर पायलट होता. त्यानं नोकरी सोडली आणि दोघा मित्रांबरोबर हे जुनं छोटं विमान घेतलं. तासाभराच्या अंतरावर एक धावपट्टी आहे, तिथं ते उभं असायचं. पंगतीत तो सहज म्हणाला, "आप्पा, एकदा तुम्हाला फिरवून आणतो. कुठं जायचं बोला."

कुणी म्हणालं जेजुरी, कुणी म्हणालं भीमाशंकर. आप्पांनी मठ्ठ्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "जोरहाट."

सगळी पंगत हसली. जोरहाट कुठं आहे हे निम्म्यांना माहीतच नव्हतं. सुधाकरही हसला. "आसामात? एवढ्याशा विमानानं? चार दिवस जातील आप्पा. बरं, मार्ग तुम्ही आखा. मी येतो." पंगतीत माणूस जसं बोलतो तसं तो बोलला. आप्पांनी मात्र ते लिहून घेतल्यासारखं ऐकलं आणि त्याच संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, भारताचा नकाशा हाय का? मोठ्ठा?"

शाळेतला एक जुना नकाशा मी आणून दिला. कन्याकुमारीकडं फाटलेला होता. आप्पा म्हणाले, "असू द्या. दक्षिणेत आपलं काम न्हाई."

पुढची दोन वर्षं तो नकाशा त्यांच्या पुढच्या खोलीत जमिनीवर पसरलेला होता. काकी त्याच्या कडेनं झाडायच्या. नांदेड, नागपूर, रायपूर, रांची, तिथून वर बागडोगरा, गुवाहाटी आणि मग जोरहाट. प्रत्येक टप्प्याला किती इंधन, किती तास, सकाळी किती वाजता निघायचं, सगळं वह्यांत लिहिलेलं. या विमानाचं पेट्रोल सगळीकडं मिळत नाही, ते पिंपांतून आधी पाठवावं लागतं, हे त्यांनीच शोधून काढलं. फोनवर हवामान बघायला शिकले, पण त्यावर त्यांचा विश्वास बसेना. "मोजणाऱ्याला बघितल्याबिगर माप मानायचं न्हाई," हा त्यांचा कारखान्यातला नियम.

मग त्यांनी स्वतःचे मोजणारे उभे केले. कारेगावात खोल्याखोल्यांतून छत्तीसगड, झारखंड, बिहारकडचे कामगार राहतात. सुट्टीच्या दिवशी आप्पा त्यांच्यात जाऊन बसायचे. "भैया, तुमारे गाँव में सबेरे हवा किधर से आती है?" पोरांना आधी वाटलं म्हातारा जमीन घेतोय. मग त्यांना मजा वाटू लागली. रांचीजवळच्या एकाची आई तर रोज सकाळी अंगणात गमछा वाळत घालायची आणि तो कुठल्या दिशेला उडतो ते मुलाला फोनवर सांगायची. ती बातमी नाश्त्याच्या आत आप्पांकडं येई. "आज रांचीत वारं पडलंय," असं आप्पा मला सांगायचे, जणू शेजारच्या गल्लीतलं काही सांगताहेत.

त्यांनी शिकलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पर्यायी धावपट्टी. जिथं जायचं तिथं काही कारणानं उतरता आलं नाही, तर कुठं जायचं हे निघण्याआधीच ठरवावं लागतं. हे त्यांना इतकं पटलं की त्यांच्या बोलण्यात सारखं येऊ लागलं. "आन् न्हाई उतरता आलं तर?" शिरूरला लग्नाला निघाले की त्याच तिथीचं दुसरं एक लग्न बघून ठेवायचे. काकी डॉक्टरकडं निघाल्या की दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता चिठ्ठीवर. एकदा मी शाळेतल्या सहलीचं सांगत होते तर मध्येच म्हणाले, "बाई, पन्नास पोरं नेताय. आन् न्हाई उतरता आलं तर?" मी म्हटलं, "आप्पा, आम्ही एसटीनं चाललोय."

गावात त्यांना "कॅप्टन" म्हणायचे. त्यांना ते समोर म्हटलेलंही चालायचं.

आता जोरहाटच का, ते सांगते. पंगतीत सगळे हसले तेव्हा मी हसले नव्हते, कारण जोरहाटला कोण राहतं ते मला ठाऊक होतं.

आप्पांची एकुलती एक मुलगी मनीषा. तीही इथल्याच एका कारखान्यात तपासणीच्या कामाला होती. बापाचीच नजर. तिथं पलीकडच्या लाइनवर प्रबीण नावाचा आसामी मुलगा होता. शांत, कामसू. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. आप्पांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले, "माझ्याकडनं न्हाई." लग्न इथंच, हमरस्त्यावरच्या एका हॉलमध्ये झालं. काकी गेल्या, मी गेले. आप्पा आले नाहीत. वर्षाच्या आत प्रबीणचे वडील आजारी पडले आणि दोघं तिकडं निघून गेले. त्यांना आता एक लहान मुलगी आहे. सहा वर्षांत बाप-लेक एक अक्षर बोलले नव्हते.

काकी रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातून मनीषाशी फोनवर बोलायच्या. तेवढा वेळ आप्पा पुढच्या खोलीतल्या टीव्हीचा आवाज बंद करून बसायचे. एकदा मी तिथंच होते. काकी फोन ठेवून बाहेर आल्या तशी आप्पांनी नकाशावरून नजर न उचलता विचारलं, "तिकडं वारं हाय का आज?"

"वारं न्हाई. पोरीला खोकला हाय."

"म्या वाऱ्याचं इचारलं," आप्पा म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला विचारायला आले, "बाई, जोरहाटची हवा दमट असती का? लहान पोराला बाधंल अशी?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आप्पा, दौंडला जाऊन आगगाडीत बसा ना. तीन दिवसांत पोचाल. कशाला ती पिंपं आणि तो गमछा?"

आप्पांनी पेन्सिल खाली ठेवली. "आगगाडीत बसलं की पोचतोच माणूस," ते म्हणाले. "इमानाचं तसं न्हाई. हवा बिघडली, माघारी फिरलं. इंधन कमी वाटलं, माघारी फिरलं. कुनी काय म्हनत न्हाई."



गेल्या फेब्रुवारीत सुधाकर आला. चहा घेताना त्यानं कसंबसं सांगून टाकलं. विमान परवडत नव्हतं, दोघा मित्रांनी अंग काढून घेतलं होतं, पुढच्या महिन्यात ते विकायचं ठरलं होतं. "आप्पा, मी खरंच सांगतो, तुम्ही एवढं मनावर घ्याल असं मला वाटलं नव्हतं. तुमच्या वह्या बघून मला लाज वाटतीय." मग म्हणाला, "रविवारी सकाळी तुम्हाला आपल्याच मुलखावरून फिरवून आणतो. काकींना घ्या, बाईंना घ्या. परवानगी मी काढतो."

आप्पा म्हणाले, "चालंल."

रविवारी आम्ही चौघं त्या धावपट्टीवर गेलो. आप्पा सुधाकरच्या शेजारी पुढं बसले, मी आणि काकी मागं. कानांवर बोलायचे हेडफोन होते. विमान जमीन सोडून वर गेलं तेव्हा मी पुढच्या सीटची पाठ धरली. काकींनी पदर नीट खोचला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "एसटीपरीस बरं हाय. खड्डं न्हाईत."

खाली भीमा वळणं घेत होती. दौंडचे रूळ एका ठिकाणी येऊन पुन्हा पसरलेले दिसले. मग उसाचे हिरवे चौकोन, मग घोड नदी, आणि पुढं कारखान्यांची पांढरीनिळी छपरं. दोन वर्षं आकाशाचा अभ्यास केलेला माणूस एक शब्द बोलत नव्हता. कसलं मोजमाप नाही, वारा नाही, वेग नाही.

"आप्पा, ते बघा तुमचं घर," सुधाकर म्हणाला. "गच्चीवर काळी टाकी."

आप्पा तिकडं बघत नव्हते. त्यांनी काचेला बोट लावलं होतं. "त्यो हॉल," ते म्हणाले. त्यांचा आवाज आम्हा सगळ्यांच्या कानांत एकदमच आला, कुणी अगदी जवळ येऊन बोलावं तसा. "मनीच्या लग्नाचा. त्याच्या समोर रस्त्यापल्याड टायरचं दुकान हाय. त्या दिशी तिथं बसलो हुतो म्या. साडेधा ते दोन. वरात... म्हंजी गाडीच ती, गाडी गेली तवर."

सुधाकरनं विमान थोडं कलतं करून त्या हॉलवरून एक सावकाश वळसा घातला.

मग काकी म्हणाल्या, "मला ठावं हाय."

आप्पांनी मान वळवली नाही.

"तुमच्या धोतराच्या मागं काळं लागलं हुतं टायरचं. तीनदा धुतलं, निघालं न्हाई. म्या म्हनलं, ह्यांनी सांगितल्याबिगर आपुन बोलायचं न्हाई." मग त्या म्हणाल्या, "सा वर्सं लावली तुम्ही."

मला फक्त आप्पांची मान आणि पांढरे केस दिसत होते. त्यांनी चष्मा काढला, तो शर्टाला पुसला, पुन्हा लावला. "सुधाकर, घे खाली," ते म्हणाले. "झालं."

त्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या दारात आले. हातात वह्या नव्हत्या. "बाई, दौंडावरनं कलकत्त्याकडं गाडी कवा असती? पुढं बदलावी लागंल न्हवं?"

एप्रिलमध्ये मी त्यांना दौंडला सोडायला गेले. काकींकडं दोन पिशव्या होत्या, शेंगदाण्याच्या चटणीच्या आणि बाजरीच्या पिठाच्या. आप्पांकडं पाण्याची बाटली. गाडी आली, दोघं चढले, आप्पा खिडकीत बसले. ते मला काहीतरी सांगायला बघत होते, पण गाडी हलली तरी त्यांना आठवेना बहुतेक. त्यांनी नुसता हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

ते दीड महिना तिकडं राहिले. आल्यावर आप्पांनी मला चहाच्या मळ्यांची उंची सांगितली, ब्रह्मपुत्रेची रुंदी सांगितली, जावयाच्या घरातल्या बांबूच्या भिंतीची जाडी सांगितली. खरं काय झालं ते काकींकडून कळलं. प्रबीण स्टेशनवर आला होता, त्यानं पाया पडून सामान उचललं. घरी फाटकाशी मनीषा उभी होती, लेकीला कडेवर घेऊन. ती म्हणाली, "आप्पा, किती उशीर."

"ह्यांनी काय म्हनावं?" काकी हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. "म्हनले, गाडी लेट हुती. बाई, गाडी पार येळेवर हुती! पोरगीबी हसली आन् मग रडाय लागली. नातीनं ह्यांचा चष्मा वढला. झालं."

आता रोज संध्याकाळी फोन आला की आप्पा स्वतः उचलतात. फार बोलत नाहीत. "व्हय," "बरं," "जेवले का सगळे," आणि मग फोन काकींकडं. जमिनीवरचा नकाशा उचलून त्यांनी शाळेत परत दिला.

परवा मला पहाटे लवकर जाग आली. दूध तापत ठेवून दार उघडलं तर अजून अंधार होता आणि आप्पा ओट्यावर बसलेले. शाल पांघरलेली, हात मांडीवर.

मी विचारलं, "आप्पा, बरं नाही का? एवढ्या लवकर?"

"बरा हाय की," ते म्हणाले. "तिकडं साडेचारला उजाडतंय, बाई. लख्ख. तुम्हाला म्हाईत आसंल." त्यांनी शाल जरा सारखी केली. "आत्ता मनीचं अंगण झाडून झालं आसंल. चूल पेटवत आसंल. म्हनलं, ती उठलीय तर आपुनबी उठून बसावं."