मितेशला पुढचं माहीत होतं

या व्यवहारात मितेशला मिळणार होतं ते काही थोडंथोडकं नव्हतं. बायकोला, जागृतीला, सहावा महिना. नायगावच्या फ्लॅटमध्ये लेक सुखरूप आहे असं सासूबाईंना पटलं, की ती आणखी दोन महिने इथेच राहणार. नाही पटलं तर आजच माहेरी गिरीजला, आणि मितेश स्वतःच्या हातच्या खिचडीवर! म्हणून गड्याने गरोदरपणावरचे झाडून सगळे व्हिडिओ पाहिले होते.

"आई, काही बिघडलं तर नर्सच्या आधी मला कळेल!" मितेशने सासूबाईंना सांगून टाकलं.

त्या, म्हणजे कमळीबाई, वाडीतली शहाळी घेऊन आल्या होत्या आणि सोफ्यावर परीक्षकासारख्या बसल्या होत्या. तेवढ्यात जागृती म्हणाली, "पोट बघ रे, दगडासारखं झालंय."

मितेशने हात लावला. घट्ट! सैल झालं. थोड्या वेळाने पुन्हा घट्ट! त्याने डॉक्टर जॉयसना फोन लावला.

"दुखतंय? रक्त, पाणी काही जातंय?"

"नाही."

"मग घाबरू नका. गर्भाशय अधूनमधून असा बाळंतपणाचा सराव करतं. तिला पाणी द्या, डाव्या कुशीवर झोपवा, आणि..."

"पुढचं माहितीये मला, डॉक्टर!" फोन बंद.

पाणी सुरू झालं. तांब्या झाला, शहाळं झालं, दुसरं शहाळं झालं. जागृतीला जाईना ते मितेश घटाघटा संपवत होता. सासूच्या वाडीतलं टाकायचं कसं?

"मितेश, मला जरा उठू दे."

"अजिबात हलायचं नाही!"

"अरे, मला जायचंय..."

"कुठेही जायचं नाही! मी आहे ना!"

तास उलटला तरी पोट आवळायचं थांबेना. उलट जास्तच लवकर लवकर आवळायला लागलं. मितेशच्या डोक्यातून सगळे व्हिडिओ उडाले, उरलं फक्त एकच वाक्य: सहावा महिना म्हणजे फार लवकर.

"बघत काय बसला, जावईबापू? रिक्षा आना!" कमळीबाईंचा आवाज चिरकला.

हॉस्पिटलच्या दारात जागृतीने दोघांचे हात झटकले आणि जी सुटली ती थेट बाथरूममध्ये! बाहेर आली ती देवदर्शन झाल्यासारखी. डॉक्टरांनी तपासलं. बाळ मजेत, पोट लोण्यासारखं मऊ.

"आधी तिला बाथरूमला जाऊन येऊ द्या, हेच सांगत होते मी," डॉक्टर जॉयस म्हणाल्या. "लघवी तुंबली की पोट आवळतं. पण तासाभरात थांबलं नाही म्हणून आणलंत, ते बरं केलंत."

"ऐकलंत, आई? बरं केलंत म्हणाल्या!"

कमळीबाईंनी दोघांना रिक्षात बसवलं. रिक्षावाल्याला म्हणाल्या, "गिरीज."

वाटेत ट्रॅफिकमध्ये रिक्षा जागच्या जागी उभी. मायलेकींच्या मधोमध मितेश. आधी घामाघूम, मग पायावर पाय घट्ट आवळून.

"आई, मी जरा उतरू का? मला जायचंय..."

"अजिबात हलायचं नाही!" जागृती म्हणाली. "मी आहे ना!"

थोडक्यात हिशेब असा: शहाळी सासूबाईंची, आवळलेलं पोट जागृतीचं, आणि वसुली मितेशकडून, तीही गिरीज येईपर्यंत.