तीन मीटर अंतरावरचा ट्रक

लघुट्रक संग्राहक मंडळाच्या नियमावलीत एकशे बारा कलमे आहेत. त्यांपैकी एकशे नऊ कलमे खोके न उघडण्याविषयी आहेत. उरलेली तीन सभेची वेळ, चहाची जबाबदारी आणि दिवंगत सभासदाची खोकी कोणी उचलावीत याविषयी आहेत. मी या मंडळाचा चिटणीस होतो. पुढे जे घडले ते माझ्याच घरात घडले आणि त्याचे इतिवृत्तही मलाच लिहावे लागले, म्हणून ही ओळख आधी करून दिलेली बरी.

आमचे ट्रक मूळ ट्रकाच्या चौसष्टाव्या हिश्शाइतके असतात. धातू साच्यात ओतून केलेले, तळहातावर सहज मावणारे. दारे उघडतात, चाके फिरतात, असे खोक्यावर छापलेले असते आणि त्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. असा ट्रक घरी आणून लगेच बाहेर काढणारी माणसेही जगात आहेत, परंतु त्यांच्याविषयी सभेत बोलण्याची पद्धत नाही. खोक्याच्या पारदर्शक खिडकीवर ओरखडा पडू नये म्हणून आम्ही तिला कागद लावतो, ते खोके दुसऱ्या खोक्यात ठेवतो आणि उजेडाने रंग विटू नये म्हणून कपाटाला काळा पडदा लावतो. माझ्या कपाटात असे नव्याण्णव ट्रक होते. त्यांतले बहुतेक मी एकदाच पाहिले होते, दुकानात.

शंभरावा ट्रक आला की सभासदाचे नाव ‘शतकवीर’ म्हणून फळ्यावर लागते. हा फळा अध्यक्षांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत आहे. अध्यक्ष दंतवैद्य आहेत. दाढा तपासायचा छोटा आरसा ते खोक्यांच्या कोपऱ्यांसाठीही वापरतात, आणि त्यांनी ‘कोपरा बरा आहे’ म्हटले की सभासद आठवडाभर हवेत असतो. माझा शंभरावा ट्रक वाटेत होता. नेमके तेव्हाच माझे सासरे आमच्याकडे राहायला आले.

सासऱ्यांनी सव्वीस वर्षे ट्रक चालवला होता. खरा. ही गोष्ट मी मंडळात फारशी बोललो नव्हतो, कारण खरे ट्रक चालवणाऱ्यांना ट्रकांतले काही कळत नाही, असे तिथे सर्वसाधारण मत आहे. सव्वीस वर्षे एकच गाडी, सहाचाकी, गोल नाकाची, निळी. ती भंगारात गेली तेव्हा त्यांनी तिचा साधा फोटोही काढून ठेवला नव्हता. आता त्यांची नजर जात होती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते की इलाज नाही. चार-पाच महिने दिसेल, मग उजेड आणि अंधार एवढाच फरक कळेल. आणि माझ्या कपाटात एक्केचाळीस क्रमांकावर नेमका त्याच निळ्या गाडीचा नमुना होता. बायकोने हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकले.

मी दाढी करत होतो तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले.

“जावईबापू, तो एक्केचाळीस नंबर जरा हातात द्याल? दिसतंय तोवर बघून घेतो.”

मी त्यांना सगळे नीट समजावून सांगितले. कपाट मंडळाकडे नोंदवलेले आहे. परवानगीशिवाय एक खोके जरी उघडले, तरी अख्ख्या कपाटाची श्रेणी जाते आणि शतक कायमचे बाद होते. ते म्हणाले, मग परवानगी घेऊ. जन्मभर परवान्यावर गाडी चालवलेला माणूस, त्यांना त्यात काही वावगे दिसले नाही. वावगे दिसले ते त्यांच्या मुलीला.

“ट्रक आपला, कपाट आपलं, बाबा माझे,” ती म्हणाली. “मग मध्ये हे मंडळ कुठून आलं?”

हा प्रश्न नियमावलीत कुठेच नव्हता, म्हणून मी गाल धुवायला घेतले.

पहिला अर्ज मीच लिहिला, सासऱ्यांनी सही केली आणि चिटणीस या नात्याने मीच तो स्वीकारला. ‘उद्देश’ या रकान्यात त्यांनी सांगितल्याप्रमाणे ‘बघायचा आहे’ असे लिहिले होते. अवलोकन उपसमितीने ‘उद्देश अस्पष्ट’ असा शेरा मारून अर्ज परत पाठवला. उपसमितीत आम्ही तिघे: अध्यक्ष, जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले मोजणीकाका आणि मी. परतीचे पत्रही मीच लिहिले आणि जेवताना सासऱ्यांच्या हाती दिले. त्यांनी ते भिंग लावून शेवटपर्यंत वाचले आणि भाषा चांगली आहे म्हणाले.

दुसऱ्या अर्जाला दोन सभासदांच्या शिफारसी लागत होत्या, आणि ते सभासद संबंधित ट्रकाला किमान पाच वर्षे ओळखणारे हवे होते. अर्जदाराला कोणी ओळखण्याची अट नाही. तळहातांना घाम येत नाही असाही दाखला लागत होता, तो आणला. मग मोजणीकाकांनी शंका काढली. अर्जदाराची नजर जात आहे असे अर्जातच म्हटले आहे. ज्याला दिसत नाही त्याला बघण्याची परवानगी दिली तर ती वाया जाईल आणि उद्या कोणीही मागेल. तेव्हा अर्जदाराला दिसते, असा डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला जोडावा. अध्यक्षांनी या मुद्द्याचे कौतुक केले आणि खरे सांगायचे तर मीही मान डोलावली.

दाखला तीस दिवस ग्राह्य धरला जातो. उपसमिती दर पाच आठवड्यांनी बसते आणि कागद आधीच्या बैठकीलाच द्यावे लागतात. त्यामुळे दर बैठकीत आम्ही मुदत संपलेला दाखला खेदपूर्वक परत करत असू. मी तो घरी नेत असे, सासरे पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे जात आणि पुन्हा नवा घेऊन येत. पहिल्या दाखल्यात ‘दिसते’ असे होते. दुसऱ्यात ‘ठळक वस्तू दिसतात’ झाले. तिसऱ्यात ‘भरपूर उजेडात आकार कळतात’ एवढेच उरले होते.

सासरे आता भिंतीला हात लावून चालू लागले होते. चहाचा कप आधी टेबलावर चाचपायचे, मग उचलायचे. मी हे रोज बघत होतो. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती. पण तोवर शंभरावा ट्रक येऊन पोचला होता आणि अध्यक्षांनी फळ्यावर माझ्या नावापुरती जागा खडूने आखून ठेवली होती. त्या आखलेल्या जागेने मला पुरते आंधळे केले होते, हे आज कबूल करायला हरकत नाही. बायको माझ्याशी कामापुरतेच बोलत होती आणि तेही माझ्या पदाशी. “चिटणीस, भात वाढू का?” असे विचारायची. मी ताट पुढे करायचो.

पाचव्या महिन्यात वार्षिक सभा झाली आणि सभेने आपल्या खास अधिकारात दाखल्याची अट शिथिल केली. अवलोकनास परवानगी मिळाली. अंतर तीन मीटर, कालावधी चार मिनिटे, खोके बंद. खिडकीचा कागद मात्र काढण्यात येईल. माणुसकीच्या दृष्टीने मंडळाच्या इतिहासातले हे पहिलेच पाऊल असल्याचे अध्यक्ष म्हणाले आणि सभागृहात, म्हणजे दवाखान्यात, टाळ्या झाल्या. सासऱ्यांना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो, हे मी तिथे सांगितले नाही. सांगितले असते तर विषय पुन्हा उपसमितीकडे गेला असता.

रविवारी सकाळी अध्यक्ष रबरी हातमोजे घालून आले. मोजणीकाकांनी फीत लावून जमिनीवर खडूची रेघ मारली आणि रेघेमागे सासऱ्यांची खुर्ची मांडली. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, केसांना पाणी लावून भांग पाडला होता. मी पडदा सारला, एक्केचाळीस क्रमांकाचे खोके टेबलावर ठेवले, कागद काढला. अकरा वर्षांनी तो ट्रक मलाही दिसला. मोजणीकाकांनी घड्याळ सुरू केले.

सासरे पुढे झुकून टक लावून बघत होते. टेबलाच्या बरेच डावीकडे, जिथे इस्त्रीचे टेबल होते.

“छान आहे,” ते म्हणाले. “रंग अगदी तोच.”

‘अर्जदार समाधानी’ असे मोजणीकाकांनी टिपून घेतले. मला लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि तरीही मी जागचा हललो नाही, कारण अजून दोन मिनिटे शिल्लक होती.

बायको हलली. ती खडूची रेघ ओलांडून आली, तिने टेबलावरचे खोके उचलले आणि सरळ फाडले. फार मोठा आवाज झाला असे नाही, बिस्किटाचा पुडा फोडावा एवढाच झाला. अध्यक्ष मात्र भिंत धरून खाली बसले. तिने ट्रक बाहेर काढला आणि वडिलांच्या ओंजळीत ठेवला.

“बाबा, इकडे आहे,” ती म्हणाली.

सासऱ्यांनी आधी बोटाने नाक चाचपले, मग काच, मग दार. दार उघडले. खोक्यावर छापले होते ते खरे होते. बोटे मागे नेली, हौद्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, चाके एकेक करून मोजली. डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मग अंगठा केबिनच्या मागे एका जागी थांबला, पलीकडे गेला, परत आला.

“जावईबापू, स्टेपनी या बाजूला नव्हती हो,” ते म्हणाले. “सव्वीस वर्षं मी ती उजवीकडून काढली.”

 मंडळाने या नमुन्याला ‘मूळ वाहनाशी तंतोतंत’ असे प्रमाणपत्र दिलेले होते. खाली मोजणीकाकांची सही, त्याखाली माझी. सही करणाऱ्यांपैकी कोणीही खोके उघडलेले नव्हते आणि मूळ वाहन तर कोणी पाहिलेलेच नव्हते. अध्यक्षांनी जमिनीवर बसूनच तातडीची बैठक घेतली. दीड तास काथ्याकूट झाल्यावर ठराव संमत झाला: अर्जदाराने सव्वीस वर्षे चालवलेले वाहन नमुन्याशी विसंगत असल्याने ते अस्सल मानता येत नाही, सबब अर्जदाराचा अनुभव अमान्य करण्यात येत आहे. ट्रक बनवणाऱ्या कारखान्यालाही, यापुढे खरे ट्रक नमुन्यांप्रमाणेच तयार करावेत, असे पत्र गेले. ते मीच लिहिले. चिटणीस म्हणून तेवढे शेवटचे.

माझ्या कपाटाची श्रेणी गेली, शतक गेले, फळ्यावरची आखलेली जागा पुसली गेली. सासरे आता रोज सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर तो ट्रक चालवतात. वळणावर गिअर बदलतात, चढाला तोंडाने घरघर काढतात, उतारावर दम धरतात. मी शेजारी बसून ऐकतो. एका सकाळी त्यांनी मला चालवायला दिला आणि माझ्याकडून तो दोनदा खाली पडला. रंगाचा टवका उडाला. ते म्हणाले, चालायचंच, गाडी आहे ती.

तिसऱ्या आठवड्यात मोजणीकाका आले. नियमभंगाच्या ट्रकाची जप्तीपूर्व पाहणी करायची आहे म्हणाले. दार लोटून घ्या, कामात व्यत्यय नको. आतून बराच वेळ घरघर ऐकू येत होती. परवा अध्यक्ष येऊन गेले. त्यांना ट्रकाची दारे प्रत्यक्ष उघडतात का, याचा अहवाल द्यायचा होता. त्यांनी ती तीसेक वेळा उघडून पाहिली आणि जाताना जुन्या सवयीने ही भेट इतिवृत्तात घेऊ नका म्हणाले.

तुम्ही हसला असाल. अवश्य हसा, आम्ही आहोतच तसे. फक्त हसून झाले की उठून आपल्या बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटापाशी जा. सोनेरी काठाचे सहा कप तिथे पाहुण्यांची वाट बघत कित्येक वर्षे ओळीने बसले आहेत. मग तसेच आत जा. तुमची आई कान तुटलेल्या कपातून चहा पीत बसली असेल. सोनेरी काठ तिला अजून दिसतो का, तेवढे एकदा विचारून घ्या.