ज्याची चिठ्ठी त्यानंच काढायची

आमच्या शेजारच्या गणवीरजींच्या घरी काही बिघडलं की त्यावर लाल पाटी लटकते. पोस्टकार्डाएवढी, पत्र्याची, त्यावर पांढऱ्या रंगात 'आदमी काम पर है, चालू न करें.' ते नोकरीला आहेत त्या पोलादाच्या प्लांटमध्ये मोठमोठ्या मशिनींवर अशा पाट्या लावतात, हे मला मान्य आहे. तिथं लावाव्याच. पण हा माणूस ती प्रेशर कुकरला लावतो.

पाटीला सुतळीनं चिठ्ठ्या बांधायच्या. ज्यानं ज्यानं त्या वस्तूला हात लावला त्याचं नाव. अन् कायदा एकच, "ज्याची चिठ्ठी त्यानंच काढायची." एकदा त्यांची पोरगी कुकरची शिटी साफ करून, चिठ्ठी तशीच ठेवून कॉलेजात निघून गेली. शशीबाई, म्हणजे गणवीरजींची बायको, दुपारपर्यंत गंजात, म्हणजे साध्या पातेल्यात, तुरीची डाळ उकळत बसली. डाळ काही शिजली नाही. मी म्हटलं, "काढून फेका ना ती चिठ्ठी." ती म्हणाली, "तुमी काढा बाप्पा. मले याच घरात राहाचं हाय."

सेक्टर दहामध्ये आमच्या क्वार्टरची भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे. त्यामुळे हा सगळा संताप मला घरपोच मिळतो.

त्यांच्याकडे एक जीप आहे. मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली. ती चालू करायच्या आधी आत बसलेल्या प्रत्येकानं दोन्ही हात वर करून दाखवायचे. नखं तपासतात तसं. एकदा दुर्गला लग्नाला निघालो होतो. माझी नवी साडी, मांडीवर लाडवांचा डबा. गणवीरजी मागं वळून म्हणाले, "डबा खाली ठेवा वैनी. दोनी हात." मी दोन पोरांची आई आहे हो. पण सगळी जीप माझ्याकडं पाहून राहिली होती, ठेवला डबा खाली. काय करता?

अन् 'चलेगा' हा शब्द त्यांच्यापुढं काढायची सोय नाही. पावर हाऊसच्या बाजारात एक दुकानदार बोलून गेला, तर त्याच्या दुकानात उभं राहून त्याला अर्धा तास ऐकवलं. तो बिचारा शेवटी म्हणाला, "साब, आप सामान ऐसे ही ले जाओ." तेही घेतलं नाही. फुकट दिलेलं तर आणखीच ढिलं असेल म्हणे.

ते सामान जीपचंच होतं. जीपच्या पोटाखाली एक आडवी सळई असते, वळणावर गाडी एका अंगाला झुकू नये म्हणून. पक्क्या सडकेवर ती पाहिजेच. पण नाल्याखड्ड्यात तीच सळई चाकांना मोकळं वरखाली होऊ देत नाही, अन् आतल्या माणसाची हाडं खिळखिळी करते. म्हणून गणवीरजींनी सळईच्या दोन्ही टोकांना सुटणाऱ्या कड्या बसवल्या होत्या. सडक संपली की उतरायचं, पिना उपसायच्या, सळई वर बांधायची, पुढं जायचं. येताना पुन्हा जोडायची.

हा सगळा खटाटोप आक्कासाठी. आक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. राजनांदगावच्या पुढं, सडक सोडून तीन नाले ओलांडले की तिचं गाव. एकटी, विधवा, कंबरेनं गेलेली. बैलबंडीत बसली की आठ दिवस अंथरूण धरते. त्यात डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं, अन् शनिवारी तिला जीपनं आणायचं होतं.

अन् त्याच आठवड्यात कड्या खुटखुट करू लागल्या.

गुरुवारी गणवीरजी माझ्या फाटकात उभे. तळहातावर कडीच्या भोकातला रबरी बुश. "पाहा वैनी. याले बुश म्हन्ते का? बांगडी झाली याची. अन् ही पिन पाहा, मधातून कंबर काढली तिनं." असे रागावून बोलले, जसं काही मीच ती पिन झिजवली. बाजारचा माल पसंत नाही, म्हणून एका ओळखीच्या वर्कशॉपात लेथवर स्वतः नवीन पिना काढल्या.

शुक्रवारी दुपारी त्या बसवायच्या. सळई धरायला माणूस पाहिजे. शशीबाई चरोद्याला भावाकडं गेलेली, आमचे हे ड्युटीवर. जीप नेहमीप्रमाणं माझ्या फाटकाला आडवी. "वैनी, पाच मिनिटं." मी पदर खोचला अन् पोतं टाकून जीपखाली उताणी झोपले. समोरच्या क्वार्टरमधल्या बाया ओट्यावर येऊन पाहत होत्या. पाच मिनिटांचा दीड तास झाला. पिन घालायची, काढायची, पुन्हा घालायची. "खुटखुट येते का?" नाही. "कान लावून आयका." नाही हो बाप्पा, नाही.

बाहेर निघाले तर स्टेअरिंगवर लाल पाटी, अन् तिला माझ्या नावाची चिठ्ठी. "तुमचा हात खाली गेला न? सांजेले एक बार पाहून घेऊ, मंग काढजा."

चार वाजता नागपूरहून तार आली. आई पडली होती. मी दोन लुगडी पिशवीत कोंबली अन् मिळेल त्या गाडीनं निघाले. चिठ्ठी कोणाला आठवते?

आईचा पाय नुसता मुरगळला होता. मंगळवारी परत आले तर जीप तशीच फाटकाला आडवी. स्टेअरिंगवर पाटी, पाटीला माझी चिठ्ठी, सौ. लांजेवार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आक्काचं ऑपरेशन?

ऑपरेशन झालं होतं. शशीबाईनं सांगितलं, गणवीरजी शनिवारी पहाटे पॅसेंजरनं गेले. गावात चार माणसं जमवली अन् आक्काला खाटेवर झोपवून तीन नाले पार करून सडकेला आणलं. खाटेचा एक पाय स्वतःच्या खांद्यावर. बावन्न वर्षांचा माणूस. खांदा सुजून टम्म. घराच्या पुढं धडधाकट जीप उभी असताना! आमचे हे चिठ्ठी काढायला गेले होते, तर गणवीरजींनी त्यांनाच विचारलं, "तुमी काहाले? तुमचा हात होता का खाली?"

मी तणतणत गेले. "चिठ्ठी काढली कावून नाही तुम्ही?"

"तुमची चिठ्ठी मी कसा काढू, वैनी?"

"मी नागपूरला होते! जीपखाली होते का मी? माहीत नव्हतं तुम्हाला?"

"माहीत होतं न," ते म्हणाले. "माहीत तं सगळ्यायलेच असते." अन् बोनेट पुसू लागले.

आता अशा माणसाला काय बोलावं? मी आत आक्काकडं गेले. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ती खाटेवर पडली होती. तिच्यापुढं मी तिच्या भावाचा सगळा पाढा वाचला. तिनं चाचपडत माझा हात धरला.

"त्याच्यावर रागावू नका बाई. अठरा वर्साचा होता, माझ्यापाशीच राहे. गोंदियाकडं राईस मिलमदी आमचे मालक मिस्तरी होते, यालेबी लावून देल्लं होतं. मालक मशिनीच्या पट्ट्यात हात घालून काम करून राहिले होते. कोनी चालू करू नये म्हनून खटक्याले आपला दुपट्टा बांधला होता. जेवाची सुट्टी झाली. यानं पाह्यलं, भाऊजीची सायकल नाई. कोनी मांगून नेली होती ते याले का मालूम? भाऊजी घरी गेले अन् दुपट्टा इसरले, चलेगा म्हन्ला, अन् दुपट्टा सोडून खटका दाबला."

तिनं माझ्या उजव्या हातावर कोपराखाली बोट ठेवलं. "इथून गेला."

"खूप बोलले असतील तुमचे मालक यांना," मी म्हटलं.

"एक शबुद नाई. मंग वीस वर्सं डाव्या हातानं जेवले. अन् याले बाजूले बसवल्याबिगर जेवले नाई. याले थेच पचलं नाई पाहा."

मी बाहेर आले. वाकून जीपखाली पाहिलं. पलीकडून जाऊनही पाहिलं. मग चिठ्ठी सोडली. गाठ घट्ट बसली होती, वेळ लागला. गणवीरजी बाजूलाच उभे होते, पण गाठीला त्यांनी बोट लावलं नाही.

पट्टी निघाल्यावर आक्काला गावी पोचवायला मीही गेले, मांडीवर फराळाचा डबा घेऊन. पक्की सडक संपली तिथं गणवीरजी उतरले, खाली वाकले, दोन्ही पिना उपसल्या, सळई वर बांधली. नव्या पिना खुटकन निघाल्या. मग हात पुसून येऊन बसले, किल्लीला हात लावला अन् थांबले. पुढच्या सीटवर आक्कानं ते काही म्हणायच्या आधीच दोन्ही हात वर धरले होते. त्यांनी ते नीट पाहिले. डावा, मग उजवा. मग मागं वळून माझ्याकडं पाहिलं.

मी डबा खाली ठेवला.